लोणीपानाचा विडा

हिरव्या पानाशी इतक्या अदबीनं वागणारा माणूस केळवे-माहीममध्येच काय, साऱ्या ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. माणसांशीही ते तितक्याच अदबीनं वागत असं मात्र माझ्यानं म्हणवत नाही. हे माझ्या बायकोचे मामा. माहीमला त्यांची वाडी होती. नारळ, केळी आणि त्यांच्या सावलीत पानवेलींचा मळा. मी तेव्हा बोईसरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होतो आणि रविवार आला की पालघरहून एस.टी. पकडून माहीम गाठत होतो. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मामांनी माझी विचारपूस "जावयबापू, चपला भायेर" या शब्दांत केली. मी म्हटलं, "मामा, घर तर अजून लांब आहे." तर म्हणाले, "घरात घालून बसा हवं तर. मळ्यात नाय." पानमळ्यात पायताण न्यायचं नाही ही तिथली जुनी रीत, ती सगळेच पाळतात. मामांनी त्या रीतीवर आणखी दोन मजले चढवले होते. मळ्यात मोठ्यानं बोलायचं नाही, शिंक आली तर बांधाबाहेर पळायचं, कुणाची उणीदुणी काढायची नाहीत. वेलीला ऐकू जातं म्हणे. एकदा पंपाचा मीटर बघायला आलेला माणूस बूट काढायला तयार होईना. मामांनी त्याला बांधावर बसवलं, मीटरवरचा आकडा स्वतः वाचून तिथूनच ओरडून सांगितला, आणि ओरडावं लागलं म्हणून नंतर तासभर वेलींची समजूत काढत फिरले.

घरात मात्र त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. मामीही तशाच. दिवसभर दोघांमध्ये "जेवायला या" आणि "आलो" याच्यापुढे संभाषण जायचं नाही. पण दुपारचं जेवण झालं की दोघं ओटीवर येऊन बसत, मध्ये पानाचा डबा. मामा त्या दिवशी खुडलेल्या पानांतलं सगळ्यात देखणं पान निवडत, मांडीवर पुसत, शिरा काढत, आणि विडा लावून मामींच्या तळहातावर ठेवत. मामी तो गालात सारत आणि मग बोलू लागत. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या होडीला काय मासळी लागली, सफाळ्याला दिलेल्या लेकीच्या सासूनं काय कुचकट म्हटलं, सगळा संसार त्या अर्ध्या-पाऊण तासात उरकला जाई. मामा मध्येच "बरं", "मंग?" एवढंच म्हणत, पण त्यांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असे.

मग मामींच्या गालात आतून पांढरा चट्टा उठला. पालघरच्या डॉक्टरांनी पान, सुपारी, चुना, तंबाखू सगळं निक्षून बंद केलं. मामांनी त्याच दिवशी डबा माळ्यावर टाकला आणि स्वतःही पान सोडलं. ज्याच्या वाडीतली पानं टोपल्या भरभरून गाडीनं बाहेरगावी जात होती, तो माणूस बडीशेप चघळायला लागला! चट्टा वाढला नाही, ही देवाची कृपा. पण दुपारची बैठक मोडली. मामी जेवून आत आडव्या होत, मामा ओटीवर एकटेच खांबाला टेकून बसत. एका रविवारी ते मला म्हणाले, "इतकी वर्सं बोललो आमी. आता वाटतं, ती माज्याशी बोलत होती का पानाशी?" एरवी मामांच्या बोलण्याला मी चटकन हसायचो. त्या दिवशी मी नुसती बडीशेपेची वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

पुढे माझ्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला आम्ही सगळ्यांना बोईसरच्या एका नव्या हॉटेलात नेलं. कारखान्यांत परदेशी पाहुणे येत, त्यांच्यासाठी म्हणून तिथे नाना प्रकार ठेवत. कटलेटं आली, खाली शोभेला एकेक मऊ, पोपटी पान. मामांनी कटलेट बाजूला सारलं, पान उचललं, दिव्यासमोर धरून शिरा पाहिल्या, देठ खुडला आणि तोंडात टाकलं. वेटर धावत आला. "अंकल, वो खाने का नहीं, सजाने का है. बटर लेट्यूस, सलाड का पत्ता." मामांचे डोळे मिटलेले होते. "दात लावावाच लागत नाय," ते म्हणाले. "लोनी हाय, लोनी!" टेबलावरच्या सगळ्यांच्या बशांतली पानं त्यांनी ओल्या रुमालात गुंडाळून घेतली आणि जागच्या जागी बारसं उरकून टाकलं: लोणीपान. घरी परतताना मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ह्याचा विडा होईल? डॉक्टर काय बोलनार नाय ना ह्याला?"

मी मुंबईहून बियांचं पाकीट आणून दिलं. शिमगा होऊन गेला होता आणि ऊन तापायला लागलं होतं, पण मामांना धीर कुठला? परसात वाफा तयार झाला आणि पानमळ्याचे सगळे कायदे तिथे लागू झाले. चपला बाहेर आल्या. वेलीला घालतात तेच मासळीचं खत आलं, आणि त्या वासावर गावातली यच्चयावत मांजरं आली. मामा काठी घेऊन बसत, पण वाफ्याजवळ ओरडायचं नाही हा नियम त्यांचाच असल्यामुळे मांजरांना ते कुजबुजत शिव्या देत. रोपं धरली तशी पानवेलीच्या शिस्तीनं खालची पानं खुडायला सुरुवात झाली. थोड्याच दिवसांत रोपांची माडासारखी बोडकी खोडं झाली, वर तेवढा झुबका. आणि वैशाखाच्या उन्हात ती खोडं सरसर वाढायला लागली. दुसरा कुणी असता तर त्यानं कपाळाला हात लावला असता. मामांना आनंद मावेना. "चढतोय, जावयबापू, चढतोय!" वेल चढायला लागली की तिला आधार द्यायचा, एवढं त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक. त्यांनी प्रत्येक रोपाशेजारी शेवरीची काठी रोवली आणि केळीच्या सोपटाच्या दोरीनं ते लोणीपान काठीला हळुवार बांधून टाकलं.

पानं खुडली की पांढरा चीक यायचा. मामा म्हणाले, तेच लोणी. त्यातलं एक पान घेऊन, आत ओलं खोबरं आणि बडीशेप घालून त्यांनी विडा लावला आणि झोपायला निघालेल्या मामींपुढे धरला. मामींनी तो तोंडात घातला, आणि अंगणात जाऊन थुंकल्या. "कात नाय, चुना नाय, आनि वरून कडूजहर! तुमाला माजी थट्टा सुचते?" मामींच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कडूपणाचं नसावं. मामा खोबरं आणि बडीशेप आवरून आत गेले.

मी त्यांना पाकिटावरचं चित्र दाखवलं. त्यात लोणीपान चढलेलं नव्हतं. जमिनीवर कोबीसारखं मिटून बसलेलं होतं. खाली लिहिलं होतं, ऊन तापलं की हे उंच वाढतं आणि कडू होतं. मामांनी ते चित्र उलटसुलट करून पाहिलं. "बसतं व्हय हे? आनि मी बिचाऱ्याला काठीला बांधलं!" दिवाळी उलटल्यावर त्यांनी उरलेलं बी पेरलं, या खेपेला थेट पानमळ्याच्या गार सावलीत. न खुडता नुसतं बघत राहणं ही त्यांना जन्मठेपेची शिक्षाच होती. बोटं शिवशिवायची म्हणून ते हात काखेत दाबून वाफ्याभोवती हिंडत. पौषात पानं एकमेकांवर कलायला लागली तेव्हा माझ्याकडे बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. मी काही बोललोच नव्हतो.

पहिला गड्डा त्यांनी काढला त्या दिवशी मी तिथेच होतो. आतलं जवळजवळ पिवळं पान, तेच खोबरं, तीच बडीशेप. मामींनी आधी बराच वेळ हातच पुढे केला नाही. मग विडा घेतला. चावायचं असं काही नव्हतंच. गालात फिरवत राहिल्या. "पान नाय हे," मामी शेवटी म्हणाल्या, आणि ओटीवर मांडी घालून बसल्या. "लेकीकडून सांगावा आलाय. ऐकताय ना?" "मंग?" मामा म्हणाले, आणि त्यांच्यासमोर येऊन बसले.

फाल्गुनात ऊन वाढलं, वाफा संपला. होळीनंतरच्या रविवारी मी गेलो, तर जेवण होऊनही मामा आतच घुटमळत होते. पाण्याचा तांब्या उगाच भरून ठेवला, बाजारात केळीचा भाव काय चाललाय ते मला विचारलं आणि माझं उत्तर ऐकलं नाही. मामी ओटीवर जाऊन बसल्या होत्या. बाहेरून हाक आली, "अवो, येताय ना?"

मामा दारातून म्हणाले, "आज पान नाय. वाफा सरला."

"पानाला कोन हाक मारतंय? तुमी या."

मामा गेले. मी आत एकटाच बसून राहिलो. मामींचं बोलणं सुरू झालं होतं, शब्द नीट कळत नव्हते, आणि मला त्या दोघांचा फार हेवा वाटला.