मामींचं पांढरं फडकं

मामी माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. भोरच्या डायलिसिस सेंटरमध्ये मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन जायचो. पहिले चार महिने या बाईंनी मला साधी ओळखही दाखवली नाही. त्या दोनच गोष्टी बघायच्या, फरशी आणि पेशंटचा हात. नावं त्यांना पाठ नव्हती. आमचे आप्पा म्हणजे ‘डावा कोपर’ आणि शेजारच्या खाटेवरचे रिटायर झालेले हेडक्लार्क म्हणजे ‘उजवं मनगट’. “डावा कोपर आला का?” असं त्यांनी विचारलं की माझं डोकं फिरायचं. माझे वडील म्हणजे काय मशिनचे सुटे भाग आहेत?

सेंटरमध्ये सगळे त्यांना मामीच म्हणत, काम झाडण्या-पुसण्याचं. तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीतून चालत वेल्ह्याला यायचं, तिथून पहिली एसटी धरायची, आणि आम्ही आमच्या वरवे गावाहून पोचायच्या आत त्यांची एक फरशी पुसून झालेली असायची. पिशवीत भाकरी आणि पांढऱ्या फडक्यांची एक चळत. वाडीतल्या म्हाताऱ्यांची जुनी धोतरं फाडून, उकळून, उन्हात कडक वाळवून त्यांनी ती फडकी केली होती. पेशंटला सुया लागल्या की मामी येऊन प्रत्येकाच्या हाताखाली एक फडकं सरकवायच्या आणि म्हणायच्या, “हात भायेर. काय बी झालं तरी हात भायेर.”

यामागचं कारण मला टेक्निशियनने समजावलं. हातात दोन सुया असतात. एकीतून रक्त मशिनमध्ये जातं, दुसरीतून धुऊन परत येतं. परत येणारी सुई निसटली तर पंप थांबत नाही. तो अंगातलं रक्त ओढत राहतो आणि ते अंगात जायच्या ऐवजी गादीवर ओतत राहतो. मी विचारलं, “मग मशिन ओरडत नाही?” तो म्हणाला, “ओरडायला पाहिजे. पण नळीतला दाब कधीकधी इतका थोडा पडतो की मशिनला सगळं ठीकच वाटतं.” म्हणजे आप्पांनी हात जरा वाकवला की हे मशिन बोंब मारून सगळं सेंटर गोळा करणार, आणि जीव जायची वेळ आली की गप्प बसणार. सहा खाटांना तो टेक्निशियन एकटा. दिवसभर ती बोंब ऐकून त्याचा हात सवयीने आवाज बंद करायच्या बटणावर जायचा. त्याला तरी काय बोलणार?

माझं आणि मामींचं वाजलं ते गोधडीवरून. तिथला एसी हाडं गोठवणारा, आणि आप्पांना थंडी सोसत नाही. म्हणून आईने तिच्या जुन्या लुगड्यांची एक गोधडी शिवून दिली होती, तांबडी, जांभळी, मरून. मी ती आप्पांच्या गळ्यापर्यंत ओढून नीट खोचली. मामी आल्या, एका हिसक्यात हातावरची गोधडी मागे केली आणि म्हणाल्या, “तांबडं हितं चालत न्हाई.”

मी चिडून म्हणालो, “तुम्ही कोण? नर्स आहात का?”

“न्हाई. म्या झाडनारी. खाली काय सांडलं ते मला आदी दिसतं.”

मग पोछा पिळता पिळता, माझ्याकडे न बघताच त्यांनी सांगितलं. आधी त्या दुसऱ्या एका दवाखान्यात कामाला होत्या. तिथे एक बाई पेशंट होती. तिच्या लेकीने मायेने पांघरूण घातलं, बाईला झोप लागली असं सगळ्यांना वाटलं. “मला बोलावलं तवा पुसायचंच काम उरलं हुतं. दोनदा बादली बदलली म्या,” मामी म्हणाल्या. त्या बाईचं काय झालं ते मी विचारलं नाही. पण गोधडी काढली म्हणून माझा राग काही गेला नव्हता. माणूस कुडकुडतोय ते मला दिसत होतं, मामींना दिसत होतं ते मला दिसत नव्हतं.

त्यानंतर एका शुक्रवारी वरचे कोणी साहेब सेंटर बघायला येणार होते. मॅनेजरने सकाळीच मामींना सांगितलं, ही धोतरांची लक्तरं उचला, कसं दिसतं ते. मामी म्हणाल्या, “दिसाया पायजे म्हनूनच ठेवल्यात.” त्याने ऐकलं नाही. सगळी फडकी पिशवीत गेली आणि मामींना बाहेरच्या जिन्यावर पाठवण्यात आलं. आप्पांचे दात वाजायला लागले तशी मी पिशवीतून गोधडी काढली. हात झाकला. इथे नाव मॅनेजरचं घ्यायचं नाही, तो हात मी झाकला. आणि खुर्चीवर बसून मोबाईल बघत राहिलो.

साहेब येऊन गेल्यावर मामी पोछा घेऊन आत आल्या. आमच्या खाटेपाशी थांबल्या. खाटेखाली फरशीवर रुपयाएवढे दोन ठिपके होते. त्यांनी गोधडी उचलली आणि खाली फेकली. ती पडल्याचा ओला आवाज मला अजून ऐकू येतो. चिकटपट्टी सुटून सुई गादीवर पडली होती आणि पंप आपला फिरत होता. मशिनवर हिरवा दिवा होता. मामींनी एका हाताने मशिनचं बटण दाबून पंप थांबवला, दुसऱ्या हाताचा अंगठा आप्पांच्या कोपरावर रोवला आणि हाक मारली, “डावा कोपर!” टेक्निशियन धावत आला. आप्पा चुन्यासारखे पांढरे पडले होते. त्यांना पुण्याला हलवलं, रक्त चढवलं. वाचले.

सोमवारी मॅनेजरचा मला फोन. घटनेची नोंद करायची आहे, तुमची सही लागेल, म्हणजे आप्पांची मंगळवार-शुक्रवारची वेळ पुढे चालू ठेवता येईल. भोरची वेळ गेली असती तर आठवड्यातून दोनदा पुणं, आणि त्या प्रवासात आप्पा टिकले नसते. मी गेलो आणि सही केली. नसरापूरजवळच्या एका कारखान्यात मी तपासणीच्या टेबलावर काम करतो. केसाएवढा ओरखडा दिसला तरी माल परत पाठवतो. पण तो कागद मी वाचला नाही.

दोन आठवड्यांनी आप्पा परत भोरला यायला लागले, तेव्हा मामी नव्हत्या. टेक्निशियनने मला बाजूला घेतलं आणि मोबाईलवर त्या कागदाचा फोटो दाखवला. त्यात लिहिलं होतं, सफाई कर्मचाऱ्याने परवानगी नसताना रुग्णाच्या हातास व मशिनला हात लावला, त्यानंतर सुई निसटल्याचे आढळले. खाली माझी सही, ठसठशीत. सगळे शब्द होते, फक्त पुढचं मागे आणि मागचं पुढे. जिने आप्पांना वाचवलं तिच्याच माथी ते मारलं होतं, आणि माझ्या हाताने. असा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. त्यातला अर्धा माझ्यावरच होता आणि तो कुठे काढावा ते कळत नव्हतं.

पुढच्याच खेपेला आप्पांना सुया लागल्याबरोबर मी मोटरसायकल काढली आणि थेट वेल्हे गाठलं. विचारत विचारत वाडीवर पोचलो. मामी अंगणात नाचणी पाखडत होत्या. मी पाया पडलो. म्हणालो, मामी, चुकलो, मी वाचलं नाही, आता अर्ज करतो, वरपर्यंत जातो. त्या सूप हलवत राहिल्या. मग हात थांबला.

“आज वार कुठला?”

“शुक्रवार.”

मामींनी मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं.

“म्हातारा कुनापाशी हाय?”

मी मोटरसायकलकडे बघितलं.

“मापी मागाया आलास आन् बापाला तितं एकटं टाकलंस व्हय रं? म्या कामावरनं ग्येले, मरत न्हाई. त्यो मरंल. तुजा अर्ज घाल चुलीत. आदी जा तितं, हात बघ जा.”

आजवर मला ‘अहो दादा’ म्हणणारी ती बाई आज एकेरीवर आली होती. सूप खाली ठेवून ती उठली, घरातून फडक्यांची चळत आणून माझ्या अंगावर टाकली आणि पाठ फिरवली. पाणी विचारलं नाही. बरं केलं. मला ते पाणी गेलं नसतं.

भोरला पोचेपर्यंत मी गाडी कुठेही थांबवली नाही. आप्पा शांत झोपले होते, आणि कुणीतरी मायेने त्यांच्या हातावर सेंटरची चादर घातली होती. मी ती उचलली. सुई जागेवर होती. मी खाटेच्या कडेला बसलो आणि माणसांनी भरलेल्या त्या खोलीत रडलो.

अर्ज मी तरीही केला. दोन केले. त्यात लिहिलं, जे आधी घडलं ते आधी आणि नंतरचं नंतर. उत्तर आलं नाही. मामी परत आल्या नाहीत. आता वरव्याजवळच्या एका कंपनीत झाडायला जातात असं कानावर आलं. म्हणजे माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि मला अजून समोर जायचं धाडस झालेलं नाही.

आता मी आप्पांच्या खाटेपाशी चार तास बसतो, मोबाईल बंद. एवढ्यावर थांबलो असतो तर कुणाला त्रास नव्हता. पण समोरच्या खाटेवरचा हात झाकलेला दिसला की मला राहवत नाही. लोक चिडतात. परवा एका बाईंच्या मुलाने विचारलंच, तुम्ही कोण? डॉक्टर आहात का? मी म्हणालो, नाही, मी चुकलेला माणूस आहे, हात बाहेर काढा.

त्याची तक्रार गेली. या मंगळवारी मॅनेजर स्वतः कागद घेऊन आला. नातेवाइकांनी इतर रुग्णांना सूचना देऊ नयेत, हाताखाली बाहेरचं कापड ठेवू नये, अन्यथा वेळेचा फेरविचार करण्यात येईल. खाली सहीची जागा. आप्पांच्या हाताखालचं फडकं त्याने तेवढ्यातच उचलून बाजूला टाकलं होतं.

या खेपेला मी कागद वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोनदा. त्याने पेन माझ्या हातात दिलं होतं. आप्पा माझ्याकडे बघत होते. वेळ जाईल याची भीती त्यांच्याही डोळ्यांत होती. मग त्यांनीच हात अलगद थोडा वर उचलला.

कागद चांगला जाड आणि पांढराशुभ्र होता. मी तो उलटा करून, कोरी बाजू वर ठेवून, आप्पांच्या कोपराखाली सरकवला आणि पेन मॅनेजरला परत दिलं.