हात मांडीखाली

“हात मांडीखाली घे,” आक्का म्हणायच्या आणि मगच खोक्यावरचं फडकं उचलायच्या. पाहुणा असो की पोस्टमन, नियम एकच. आत बल्बच्या उबेत एखादं अंडं टकटक करत असायचं.

आक्का आमच्या गल्लीत राहायच्या आणि शहराबाहेरच्या, कोंबडीची अंडी उबवणाऱ्या एका हॅचरीत कामाला जायच्या. एकविसाव्या दिवशी तिथं मशीन उघडतं. तोवर जी पिलं बाहेर आली नाहीत, त्यांची अंडी खड्ड्यात जातात. आक्का त्यातलं एकेक अंडं कानाला लावून पाहायच्या. आतून आवाज आला की ते जेवणाच्या रिकाम्या डब्यात, चिंध्यांत गुंडाळून. क्रांती चौकापासून रिक्षात डबा पदराखाली.

तुम्हाला चीड आली असेल, तशी मलाही यायची. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढले. अन्याय दिसला की माझी मूठ आधी वळते. एकदा मी खोक्यात ती जुनी पत्रकंच अंथरली. आक्कांनी ती काढून माझ्या हातात ठेवली. “तुझा कागद लई गुळगुळीत, बाई. पिलाचे पाय घसरून फाकत्यात. गोणपाट आण.”

एके दिवशी कामावर जाताना त्यांनी एक अंडं माझ्यावर सोपवलं. कवचाला भोक पडलं होतं, त्यातून इवलीशी चोच दिसत होती. “फडकं वाळलं तर कोमट पाण्यानं ओलं कर. बाकी काय नाय.”

दुपार झाली तरी चोच तिथंच. मधूनच क्षीण चिवचिव. कोंडलेल्याला सोडवायचं नाही, तर आपण शिकलो कशासाठी? मी नखानं कवच सोललं. आतला पातळ पापुद्रा फाटला आणि माझी बोटं लाल झाली.

आक्का आल्या. रागावल्या नाहीत. पिलू ओंजळीत घेऊन बसल्या.

“रगत अजून पापुद्र्यात व्हतं त्याचं. अंगात ओढून घेत व्हतं बिचारं. तुला वाटलं, अडकलंय.”

“पण आक्का, ते धडपडत होतं!”

“व्हय. कामच चाललं व्हतं त्याचं.”

दिवेलागणीला ते त्यांच्या ओंजळीतच गेलं. मी रडत होते. आक्कांनी तांब्यातलं पाणी ओतून माझी बोटं एकेक करून धुतली. “उद्या येशील ना? दुसरं आणते.”

दुसरं आणलं. पुन्हा माझ्यावरच सोपवलं. फक्त आता कामावरून फोन यायचा.

“हात कुठं हायत?”

“मांडीखाली.”

“शाणी.”

ते जगलं. त्यानंतरची बरीचशी जगली.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर आक्का लेकीकडे फर्दापूरला गेल्या आणि या उन्हाळ्यात तिथंच वारल्या.

गेल्या आठवड्यात हॅचरीतली त्यांची सोबतीण माझ्या दारात उभी राहिली. तिच्या पदराखाली डबा होता. “आक्कानं सांगून ठेवलं व्हतं, तुझ्याकडंच द्यायचं.”

अंडं कानाला लावलं. टकटक.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भोक पडलं. फडकं दोनदा ओलं केलं. दुपार टळली, फोन वाजला नाही. मांडीखाली माझे हात बधिर झाले होते. उन्हं कलल्यावर कवच आतूनच तडकलं आणि एक ओलं, थकलेलं पिलू गोणपाटावर आलं.

मी तरीही थोडा वेळ तशीच बसून राहिले.