घाटात हलकं झालेलं चाक

मोटारीत बसले की अजून मी दाराची कडी घट्ट धरून ठेवते. नातवंडं हसतात. हसा बाबांनो, खुशाल हसा! तुम्हाला कुठं त्या मोटारीतून येरमाळ्याचा घाट उतरावा लागला?

माझं पहिलं बाळंतपण होतं. कळा सुरू झाल्या आणि सुईणीनं पोट चाचपून सांगितलं, "मूल आडवं हाय. माझ्याच्यानं न्हाय व्हायचं. बार्शीच्या दवाखान्यात न्या, न्हायतर दोघं बी जातील." बार्शी म्हणजे घाट उतरून, निजामाचा करोडगिरी, म्हणजे जकातीचा नाका ओलांडून, पार इंग्रजांच्या मुलखात. बैलगाडीनं पोचेपर्यंत मी काही उरले नसते.

माझ्या मामंजींचा धान्याचा व्यापार. त्यांनी एक जुनी चिमुकली मोटार घेतली होती आणि ती आमचे हे चालवायचे. पण लढाईचे दिवस, नवीन टायर बघायलाही मिळत नव्हते. होते ते झिजून तळहातासारखे गुळगुळीत झालेले. त्यात पुढच्या डाव्या चाकाची कमान मोडलेली. कमान म्हणजे चाकाला बसणारे दणके सोसणारे पोलादी पाटे. मामंजींनी सुताराला बोलावून तिथं बाभळीचा ठोकळा ठोकून घेतला होता आणि वरून चामड्याची वादी आवळली होती. बैलगाडी दुरुस्त करतात तशी मोटार दुरुस्त केली म्हणा ना!

त्यांचा जन्म बैलगाड्या भरण्यात गेलेला. बैलांच्या मानेवर भार पडायला लागला की पोती मागं सरकवायची, हे अंगात मुरलेलं. तेच त्यांनी इथंही केलं. म्हणाले, "फुडचं चाक दुखणाईत हाय, त्याच्यावर वजन नको." मला आणि सुईणीला मागं बसवलं आणि मोटारीच्या पाठीशी ज्वारीची दोन पोती दोरखंडानं बांधली. स्वतः ह्यांच्या शेजारी बसले.

सपाटीलाच माझ्या लक्षात आलं की काहीतरी बिघडलंय. हे हातातलं चाक फिरवायचे आणि मोटार थोडी सरळच जायची, मग मनात आलं तर वळायची. तोंड वर करून चालल्यासारखी. माझ्या अंगाला दरदरून घाम सुटला. पण सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी पदराचा बोळा दातांत धरला आणि येडेश्वरीचा धावा करत बसले. मनातून मात्र त्या पोत्यांना शिव्या घालत होते.

घाटातल्या पहिल्याच वळणावर व्हायचं ते झालं. डावं चाक खडीवर आपटलं. कमान असती तर दणका गिळला असता, ठोकळ्यानं चाकच वर उडवलं. भार सगळा मागं, मग ते लवकर खाली तरी कसं यावं? आणि अधांतरी चाक वळणार कुठं! मोटार सरळ दरीकडं निघाली. सुईण किंचाळली. ह्यांनी ब्रेक ओढला, तशी मोटार घसरत जाऊन काठावरच्या धोंड्याला टेकली. माझ्या खिडकीतून खाली नुसती झाडांची टोकं दिसत होती. मेले, मी म्हटलं, आता मेलेच.

"अण्णा, फुडची चाकं जमिनीला धरतच न्हाईत," हे मामंजींना म्हणाले.

दोरखंड कापून पोती ढकलून दिली. मोटार मागं घेतली, पुन्हा निघालो, पुन्हा चाक उडालं. मागं फिरावं तर माझ्या कळा थांबत नव्हत्या. मामंजी उतरले, पटका काढून सीटवर ठेवला आणि डाव्या चाकावरच्या पत्र्यावर चढून दिव्याला मिठी मारून बसले.

मग मात्र मी रीत सोडली. "मामंजी, उतरा! टायर फुटला तर चाकाखाली जाल हो!"

"गप पड पोरी. काय न्हाय होत," ते हसून म्हणाले.

त्यांच्या वजनानं चाक जमिनीला टेकलं, खडीत रुतून वळायला लागलं. मोटार मुंगीच्या पावलानं उतरत होती. प्रत्येक वळणाला त्यांचे पाय दरीवर लोंबायचे आणि ते बैलांना दम द्यावा तसे मोटारीला "हो... हो..." करायचे. मला वाटायचं, आता फुटतोय टायर. माझ्यापायी हा माणूस जातोय. कळ आली तरी मला ओरडायचं भान नव्हतं.

आम्ही वेळेत पोचलो. बार्शीत मुलगी झाली, दोघी जगलो. पण त्याआधी, घाट संपल्यावर हे म्हणाले, "अण्णा, उतरा आता." मामंजी हलेनात. दिव्याभोवती आवळलेली त्यांची बोटं ह्यांना एकेक करून सोडवावी लागली. धरून आणून सीटवर बसवलं, तेव्हा दिसलं की त्यांचं धोतर पार भिजलं होतं. सगळ्या गावाला दरडावणारा माणूस, मांडीवर पटका दाबून खाली मान घालून बसला.

मी सुईणीला कोपरानं ढोसलं आणि मोठ्यानं म्हणाले, "माझी चादर मामंजींच्या मांडीवर टाका. वारं लई गार सुटलंय."

वैशाखातली भर दुपार होती ती.

मामंजींनी चादर कमरेपर्यंत ओढून घेतली. मागं न बघता म्हणाले, "व्हय गं पोरी. लई गार हाय."