एकशे नव्वद दिवस

कोणी "तुझं नशीबच फुटकं" म्हटलं की मुहाय्यो हसून म्हणायची, "फुटकं कसलं? सोडतीत निघालेलं आहे!" उझबेकिस्तानात, रिश्तानमधल्या तिच्या गल्लीतून अमेरिकेच्या व्हिसाच्या सोडतीत नाव निघालेली ती एकटीच. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं तिला टाकलं, त्याच वर्षी हे घडलं. चाळिशीची बाई एकटी ब्रुकलिनमध्ये उतरली ती एकच हिशेब करून. पाच वर्षं राबायचं, नागरिक व्हायचं आणि आईबापाला घेऊन यायचं. कायमच्या रहिवाशाला नवरा बोलावता येतो, पोरंबाळं बोलावता येतात. आईबापाला बोलावण्याचा हक्क फक्त नागरिकाचा. आणि मुहाय्योला तर दुसरं कोणी नव्हतंच.

उझबेक बेकरीच्या मागच्या खोलीत बसून लोकांचे अर्ज भरून देणाऱ्या फारुहनं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "आपा, पाच वर्षं सलग राहायचं. गावी जा, मी नाही म्हणत नाही, पण सहा महिन्यांच्या आत परत या. एकशे ऐंशी दिवस पक्के लक्षात ठेवा. त्याच्या वर एक दिवस गेला की सरकारी लोक विचारणार, ही बाई नक्की राहते कुठं?"

"मला काय खुळी समजलास?" मुहाय्यो म्हणाली.

ती एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायची आणि चौघींच्या घरात एका खोलीत राहायची. तिसऱ्या वर्षी बापाला अर्धांगवायू झाला. निघण्याआधी तिनं आपली म्हातारीही नसिबाच्या हाती सोपवली आणि खोलीही तिलाच दिली. नसिबा नुकतीच तिकडच्याच फरगान्याहून आलेली, डोक्यावर छप्पर नसलेली. आपण तिकडे असताना खोली अडवून ठेवायची आणि इकडे म्हातारीला वाऱ्यावर सोडायचं, हे मुहाय्योला पाप वाटलं. असल्या भलेपणाला सरकारदरबारी काडीची किंमत नसते, हे तिला कोण सांगणार?

ती पोचल्यावर बाप पंचेचाळीस दिवस टिकला. मग आई सालोमात सुतकात बसली. विधवेनं चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही. बाजारहाट, पाणी, दर गुरुवारी भेटायला येणाऱ्या बायकांचा चहा-नान, सगळं लेकीनं बघायचं. मुहाय्योनं अंगावर सुतकाचा निळा झगा चढवला आणि मनातल्या मनात दिवस मोजत राहिली. मोठ्यानं मोजायची सोय नव्हती, सुतकाच्या घरात ते अभद्र मानतात. तिकीट तिनं एकशे सत्त्याहत्तराव्या दिवसाचं काढून ठेवलं होतं.

शेवटी उरला एकच विधी. निळं उतरवून आईला पांढरं घालायचं, गल्लीला पुलाव वाढायचा, की सुतक संपलं. ते पांढरं पोटच्या लेकीच्याच हातून चढायला हवं. पण हुरिनिसो आत्यानं, म्हणजे बापाच्या बहिणीनं, दिवस ठरवला तो तिच्या विमानाच्याही बारा दिवस पुढचा.

"आत्या, माझं विमान आहे! मंगळवारीच उरकून घेऊ या ना."

"मंगळवारी पुलाव कोण करणार, तू? आचारी लग्नांत अडकलाय. त्याच्याशिवाय आमच्या घरी कढई चढलेली नाही."

"दुसरा बघू."

"बापाच्या नावाचं जेवण, नि दुसरा बघू म्हणे! जा बाई, जा. शेजारीण घालील तुझ्या आईला पांढरं. अमेरिका काय पळून चाललीय?"

 सालोमातनं लेकीचा हात धरून ठेवला. मुहाय्योनं तिकीट बदललं. एका आचाऱ्यापायी! मला आजही त्या पुलावाची चीड येते, आणि तो झकास झाला होता, हे आणखी वाईट.

ती परतली एकशे नव्वदाव्या दिवशी. विमानतळावर कोणी हटकलं नाही. तिला वाटलं, पचलं. पाच वर्षं भरली, तिनं अर्ज केला, आणि मुलाखतीला समोर बसलेल्या तरुण अधिकारी बाईंनी पासपोर्टाचं नेमकं तेच पान उघडलं.

"त्या काळात इथलं भाडं भरत होतात?"

"नाही. खोली दुसरीला दिली होती."

"नोकरी राखली होती?"

"ती पण तिलाच दिली."

"म्हणजे इथलं सगळं सोडून गेला होतात." बाई वाईट नव्हत्या, नियमानं बोलत होत्या. अर्ज नाकारला गेला. परतल्या दिवसापासून साडेचार वर्षं भरल्यावर पुन्हा या, असं ठरलं. त्यातली दोन सरली होती.

पुढच्या हिवाळ्यात सालोमातच्या हृदयानं कुरकुर सुरू केली. नसिबा म्हणाली, "आपा, पंधरा दिवस जाऊन या. काही बिघडत नाही, फारुहपण तेच म्हणतो."

"पंधरा दिवसांनी मी परत येईन, असं तुला वाटतं? तिनं हात धरला की मी उठायची नाही. मागं बघितलंस ना?"

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. मुहाय्योनं तर ताक प्यायचंच सोडलं. आईही फोनवर म्हणायची, "तू येऊ नकोस, मला न्यायलाच ये." मायलेकी दोघीही शहाण्यासारख्या वागल्या, आणि त्या शहाणपणानं दोघींचा घात केला. वसंतात आई गेली. आत्याचा फोन आला. "पोटची पोर असून तिला शेवटची अंघोळ परक्या बायांनी घातली," एवढंच बोलून तिनं ठेवून दिला.

आता नागरिकत्व कशाला हवं होतं? कोणाला आणायचं होतं? पण अर्ज करायची तारीख आली तेव्हा मुहाय्यो गेली. एवढं मोजलेलं वाया कसं घालवायचं, म्हणाली.

या वेळी समोर वयस्क अधिकारी होते, हसतमुख. त्यांनी कागद उलटसुलट पाहिले.

"परतल्यापासून देशाबाहेर एकदाही नाही?"

"नाही."

"एक दिवसही नाही? अशी स्वच्छ नोंद फार कमी बघायला मिळते."

"आई मेली तेव्हासुद्धा गेले नाही," मुहाय्यो म्हणाली.

त्यांचं हसू मावळलं. "माफ करा," ते म्हणाले, आणि सलग निवासाच्या रकान्यात त्यांनी बरोबरची खूण केली.