खरं काय ते

शेजारच्या वनिताताईंची मुलगी शिकायला गेली, त्या देशात आता युद्ध चालू आहे. ताई रोज मोबाईल घेऊन येतात. "खरं काय ते बघून सांगा हो."

मी दोन्ही बाजूंच्या बातम्या वाचतो. एकीकडे शहर पडलेलं असतं, दुसरीकडे शाबूत. कालच्या व्हिडिओत भर उन्हाळ्यात बर्फ पडत होता. खरं या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असेल, असं मी शहाण्यासारखं सांगतो. पण बॉम्ब काही मधोमध पडत नाही.

आज माझ्यासमोरच मुलीचा फोन आला. "आई, वरण-भात लावलाय. सगळं ठीक आहे."

फोन ठेवल्यावर ताईंनी मोबाईल पुन्हा माझ्यापुढे धरला.

"ठीक आहे म्हणाली ना?" मी विचारलं.

"रोज बोलताना मागे कुकरची शिट्टी ऐकू येते," ताई म्हणाल्या. "आज आली नाही."