माझ्या नावाने जिंकणारा माणूस

स्वतःची फजिती स्वतःच सांगितलेली बरी. नाहीतर आमच्या ऑफिसातली मंडळी ती तिखटमीठ लावून सांगतात. तर ऐका, चहा गरम आहे तोवर.

हिंजवडीला माझ्या शेजारच्या टेबलावर मंदार बसतो. सदाशिव पेठेतला. बोलणं कमी, टोमणे जास्त. आम्ही दोघंही घरी टीव्हीसमोर बसून गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळतो. पण मंदार दुकानातून डिस्क आणतो, खेळून झालं की बुधवार पेठेत नेऊन विकतो. मी मोठा आधुनिक! सगळं ऑनलाइन घेतलेलं, थेट खात्यात.

एका सोमवारी म्हणाला, "क्रिकेटचा जुना गेम विकला, नवीन आणला. तू जुन्याचं काय करतोस? पूजा?"

अहो, जेवण गेलं नाही मला! डबा तसाच घरी. संध्याकाळी तडक बुधवार पेठ.

"गेम विकायचा आहे," मी दुकानदाराला म्हणालो.

"दाखवा."

"माझ्या खात्यात आहे."

"मग बँकेत जा."

"तसलं खातं नाही हो! ऑनलाइन घेतलाय, डिस्क नाही."

त्यांनी चष्मा वर केला. "म्हणजे वस्तू नाही, पण विकायची आहे. अशी एखादी जमीनही आहे का?"

मग गेमच्या कंपनीकडे पैसे परत मागितले. कारण लिहिलं, 'गेम आवडला नाही.' लगेच उत्तर आलं, 'आपण हा गेम तीनशे दहा तास खेळला आहात.' बस. पुढे एक अक्षर नाही. कंपनीसुद्धा पुण्याचीच असणार!

पण जळफळाट माणसाला स्वस्थ बसू देतो का? मी सबंध खातंच विकायला काढलं. नियमात बसत नाही, ठाऊक होतं. पण मंदारने विकायचं आणि मी बघत बसायचं? घेणारे निघाले येरवड्याचे कांबळेकाका. निवृत्त बस ड्रायव्हर. माझा पासवर्ड, माझं नाव, माझा फोटो, मित्रांची यादी, सगळं त्यांच्या हवाली केलं आणि शीळ घालत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मंदारला ही बातमी ऐकवायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "काय रे अविनाश, काल तीनदा हरवलंस मला! ते शेवटचं वळण घेतलंस कसं?"

मी? दर शर्यतीत भिंतीला मिठी मारणारा मी? पण मंदारच्या चेहऱ्यावर चक्क हेवा होता. काय देखणा दिसतो हो हेवा, दुसऱ्याच्या चेहऱ्यावर!

"सराव," मी म्हणालो. झालं! तिथेच घसरलो.

रोज कुणी ना कुणी विचारायचं, आणि मी कॉफी मशीनपाशी उभा राहून ब्रेकवर व्याख्यान द्यायचो. हाताने स्टिअरिंग फिरवून!

मजा चालली ती आठवडाभर. मग माझ्याच पोटात दुखायला लागलं. मंदार बाजूलाच राहिला, आता मला कांबळेकाकांचा हेवा! नाव माझं, फोटो माझा, आणि जिंकतात ते? माझ्यापेक्षा बरा अविनाश येरवड्यात राहतो, या विचाराने माझा नुसता तिळपापड व्हायचा.

महिना झाला आणि मंदार म्हणाला, "रविवारी घरी ये. सगळे जमतायत. समोर बसून खेळून दाखव."

शनिवारी सकाळीच पैसे खिशात घालून मी येरवडा गाठला. काकांनी दार उघडलं, "या साहेब, या!" आत कॉटवर मांडी घालून, चहात बिस्कीट बुडवत, कोण बसलं होतं?

मंदार!

"तू इथे?"

"शिकवणी," तो म्हणाला. "महिना झाला."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्याच शर्यतीत माइकवर आवाज आला, 'ओ, दारात उभे राहू नका, आत सरका!' तू इतक्या अधिकाराने कधी बोललायस?"

"आणि... ऑफिसात?"

"सगळ्यांना माहीत आहे. तुझं ब्रेकवरचं व्याख्यान ऐकायला चौथ्या मजल्यावरून लोक यायचे. कॉफीसाठी रांग लागते, असं वाटलं तुला?"

कान असे तापले म्हणता! तरी धीर करून मी पैसे पुढे केले. "काका, हे परत घ्या आणि माझं खातं मला द्या."

काकांनी पैसे हळूच माझ्या खिशात सरकवले. "नाही साहेब, हे खातं लाखमोलाचं आहे. मागचे निकाल बघून गेम समोर तोडीची माणसं आणतो ना? तुमचे निकाल बघून माझ्यासमोर सगळी नवशिकीच येतात. एकटे हे मंदारसाहेब तेवढे बरे खेळतात."

मग जवळ सरकून हळू आवाजात म्हणाले, "असंच आणखी एखादं आहे का तुमच्याकडे? आमच्या डेपोतले एक मित्र निवृत्त होतायत."

आता बोला! त्याच दिवशी नवीन खातं उघडलंय. काही खास करावं लागत नाही, नेहमीसारखाच खेळतोय. दिवाळीपर्यंत तयार होईल म्हणतात काका.