तो परिच्छेद राहणार

जबलपूरच्या चेरीताल भागातल्या मराठी मंडळाच्या सभागृहात कलावतीबाई रामटेके पुढच्या रांगेत येऊन बसल्या, की विंगेतले नट आपापली वाक्यं पुन्हा घोकू लागायचे. बाई हसायच्या ठिकाणी खळखळून हसत, रडायच्या ठिकाणी पदर डोळ्यांना लावत, टाळ्यांना तर कधीच हात आखडत नसत. पण पडदा पडला, की रंग पुसायच्या खोलीच्या दारात उभ्या! एकदा मंडळाच्या नाटकात मुरलीधर नायक होता. सापडलेल्या चिठ्ठीवरून बायकोला घराबाहेर काढायचा प्रवेश त्याने असा रंगवला, की बायकांचे हुंदके थांबेनात. बाईंनी त्याच्या हातावर घरचा चिवडा ठेवला आणि विचारलं, "काम झकास केलंस रे. पण ती चिठ्ठी तिचीच, हे कशावरून?"

"बाई, नाटकात तसं लिहिलंय!"

"लिहिलंय म्हणून मानलंस? अन् बिचारीले अंधारात काढलंस?"

मुरलीधरने उरलेली अर्धी मिशी पुसली आणि चिवडा तोंडात टाकला. पुढच्या प्रयोगात त्याने चिठ्ठी बायकोपुढे धरली, क्षणभर तिच्या डोळ्यांत पाहिलं, आणि मगच ओरडला. त्या रात्री हुंदके ऐकू आले नाहीत. सगळं सभागृह श्वास रोखून बसलं होतं. असली दाद द्यायला मोठं मन लागतं, आणि थोडा कडूपणाही.

बाई सरकारी शाळेत हिंदी शिकवत आणि रविवारी सकाळी सभागृहाच्या मागच्या खोलीत मराठी निबंधाचा वर्ग घेत. फी नाही. जबलपूरची मराठी मुलं ती. घरात मराठी ऐकायची, उत्तर हिंदीत द्यायची. मराठ्यांच्या काळात चाकरीसाठी येऊन राहिलेल्या घरांतली काही, तर विदर्भातून कारखान्यांत कामाला आलेल्यांच्या बौद्ध वस्तीतली काही. एरवी ही दोन टोकं सणासुदीलाही एका पंगतीला बसत नसत. बाईंच्या सतरंजीवर मात्र मांडीला मांडी लागायची.

गाइडातला निबंध कुणी उतरवून आणला, तर बाई रागवत नसत. वही परत देऊन म्हणत, "छान अक्षर आहे. आता तुझं म्हणणं काय ते सांग." मग दुसरा प्रश्न, कशावरून? वाचलं असशील तर कुठे, ऐकलं असशील तर कुणाकडून, आणि त्या माणसाला तरी ते कसं ठाऊक? "आधी खांब उभे करा," त्या सांगत, "तोरणं मग बांधू."

शहाऐंशी साली सभागृहाला पंचवीस वर्षं झाली. मंडळाने निबंधस्पर्धा ठेवली, विषय 'आपले सभागृह'. मुलांना माहितीसाठी स्मरणिका वाटली. पहिल्याच पानावर दादासाहेबांचा फेटा बांधलेला फोटो आणि खाली वाक्य: 'हे सभागृह दादासाहेबांनी एकट्याने उभारले.' दादासाहेब म्हणजे मंडळाचे अध्यक्ष श्यामसुंदरराव यांचे दिवंगत वडील. बहुतेक मुलांनी ते वाक्य जसंच्या तसं उचललं.

बौद्ध वस्तीतल्या, नववीच्या प्रतिमाने मात्र स्मरणिका शेवटपर्यंत वाचली. मागच्या पानांत एका जुन्या सभासदाच्या आठवणी होत्या. त्यात लिहिलं होतं, की वस्तीतली मंडळी दर रविवारी श्रमदानाला येत आणि नर्मदेच्या तिलवारा घाटावरून आलेली रेती बायका डोक्यावरून वाहत.

"मॅडम, ये दोनों सच कैसे हो सकते हैं?" तिने विचारलं. "एकट्याने बांधलं, तर मग या बायका कोण होत्या?"

बाईंचा चेहरा उजळला. त्यांचे वडील, लहानूजी, त्या श्रमदानात होते. सभागृहावरून जाताना म्हातारा दर वेळी थुंकायचा आणि म्हणायचा, "आमी बांधलं, अन् नाव त्याचं." बाईंनी हे प्रतिमाला सांगितलं नाही. "लिही," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या रविवारी प्रतिमाने लिहून आणलं: 'हे सभागृह आमच्याच लोकांनी बांधलं. दादासाहेबांनी फक्त हार घालून घेतले.'

बाईंनी ते वाक्य वाचलं आणि पुन्हा वाचलं. बापाच्या छातीतली जन्मभराची सल कुणीतरी शाईने लिहून काढली होती. किती गोड वाटलं असेल! मग त्यांनी वही खाली ठेवली. "कशावरून?"

"काहून, मॅडम? तुम्ही आपल्याच लोकांना खोटं ठरवून राहिल्या?"

"मला हे वाक्य फार आवडलं, म्हणून विचारून राहिली. आवडलेलं वाक्य जास्त तपासायचं असते. जा, आजीले विचार."

प्रतिमाची आजी पार्वताबाई. रेतीचं घमेलं तिच्याच डोक्यावर होतं. ती म्हणाली, "जागा दादासायबाची. नकाशाबी त्यानंच आणला. खोटं काहून बोलू? पण रेती त्यानं नाही वाहिली. अन् उद्घाटनाले आमाले बोलावलं नाही, हेबी लिही."

मग हारांचं वाक्य गेलं आणि एक परिच्छेद आला. 'जागा दादासाहेबांनी दिली आणि नकाशाही त्यांनी आणला. इमारत वस्तीतल्या माणसांच्या श्रमदानाने उभी राहिली, हे स्मरणिकेच्याच शेवटी छापलं आहे. माझी आजी त्यांच्यात होती. तिच्या सांगण्याप्रमाणे उद्घाटनाला त्यांना बोलावणं नव्हतं. म्हणून एकट्याने हा शब्द मला पटत नाही.'

नागपूरहून आलेल्या परीक्षकांनी याच निबंधाला पहिलं बक्षीस दिलं. पहिला निबंध समारंभात मंचावरून वाचायचा, अशी प्रथा होती. कार्यक्रम तोंडावर आला आणि श्यामसुंदररावांनी कलावतीबाईंना बोलावून घेतलं.

माणूस वाईट नव्हता. वर्गातला पंखा त्यांनीच बसवून दिला होता. "बाई, निबंध उत्तम आहे," ते म्हणाले. "एवढा एक परिच्छेद काढा. बाकी मुलगी वाचू दे."

"त्यात चुकीचं काय ते दाखवा. माझ्या पेनाने खोडते."

त्यांनी तो परिच्छेद पुन्हा वाचला. "चुकीचं काही नाही हो. पण खरं असलं म्हणून सगळं बोलायचं असतं का? माझी आई पुढच्या रांगेत बसणार आहे."

"पार्वताबाईलेही बसवा ना तिच्या शेजारी."

"थट्टा सोडा, बाई. समिती ऐकायची नाही. परिच्छेद राहिला, तर वर्गाला खोली मिळणार नाही. इतक्या वर्षांचा वर्ग एका परिच्छेदापायी घालवता?"

त्या खोलीत बाईंचे सगळे रविवार गेले होते. त्यांना मूल नव्हतं, सण नव्हता, होता तो हा वर्ग. पण उठताना आवाज साफ होता. "श्यामसुंदरजी, परिच्छेद काढला, तर त्या खोलीत बसून मी शिकवू काय? तो राहणार."

समारंभात निबंध वाचलाच गेला नाही. बक्षीस प्रतिमाच्या हातात न बोलता दिलं गेलं. रविवारी वर्ग भरायच्या वेळी खोलीला कुलूप होतं.

मुलं अंगणात घुटमळली. दोघांना त्यांचे वडील येऊन घेऊन गेले. बाकीची सभागृहाच्या पायऱ्यांवर बसली, दोन्हीकडची. बाईंनी साडी सावरली, वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि मागच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आजचा विषय, आमच्या वर्गाला कुलूप का लागलं? पण सुरुवात श्यामसुंदररावांच्या बाजूने करायची. त्यांचं म्हणणं त्यांच्याइतकंच चांगलं मांडता आलं पाहिजे. त्याशिवाय आपलं लिहायचं नाही."

"पण मॅडम, त्यांची बाजू आम्हाला कशी माहीत असणार?" कुणीतरी कुरकुरलं.

"चला, विचारू."

आणि निघाली वरात! पुढे बाई, मागे वह्या छातीशी धरलेली मुलं. श्यामसुंदररावांनी बनियनवरच दार उघडलं आणि पायरीवरची गर्दी पाहून खुंटीवरचा सदरा ओढला.

"काका, तुमची बाजू सांगा," प्रतिमा म्हणाली. "आधी तीच लिहायची आहे."

"माझी?" त्यांनी बाईंकडे पाहिलं. "आणि हे लिहून वाचणार कुठे? खोली तर मिळणार नाही."

"सभागृहाच्या पायऱ्यांवर," कलावतीबाई म्हणाल्या. "त्यांना कुलूप लागत नाही."

श्यामसुंदररावांनी दार लावायला हात उचलला. आतून त्यांच्या आईने विचारलं, कोण आलंय. मुलं आपली बाजू विचारायला आलीत, असं त्यांनी आत सांगितलं आणि हात खाली घेतला. मग सदऱ्याचं बटण लावत, उंबऱ्यात उभं राहून, ते सांगू लागले; आणि मुलं खाली पायरीवर बसून लिहू लागली.